सात चमचे

चपलेचा पट्टा पायाला टेकला आणि मी जिन्यातच मटकन खाली बसले. सकाळी अकराला तलावात उतरले होते, साडेबाराला बाहेर आले होते, आणि त्यानंतर दिवसभर काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. आभाळ भरलेलं, पाणी गार, त्यात मी १२ वर्षांनी पोहत होते. ऊन लागतंय असं मनातसुद्धा आलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर डाव्या पावलावरचा पांढरा डाग गुलाबी झालेला, रात्रीपर्यंत लालभडक. त्याला खेटून असलेली माझी सावळी कातडी मात्र अगदी शांत. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कड सापडत होती: इथपर्यंत गार, इथून पुढे गरम.

मला कोड आहे. २८व्या वर्षी नखांच्या कडेला सुरुवात झाली. मग ओठांचे कोपरे, कोपर, गुडघे, पावलं. उजव्या गुडघ्यावर उमटलं की काही दिवसांत डाव्यावर हजर. शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशींना परकं समजून मारते, म्हणून ती जागा पांढरी होते. ते दुसऱ्याला लागत नाही, महारोगाशी त्याचा काही संबंध नाही. ही दोन वाक्यं मी इतक्यांदा म्हटली आहेत की आता पाढ्यासारखी येतात.

शाळेत असताना मी बऱ्यापैकी पोहायचे. कोड आल्यावर ते सुटलं. पोहू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. आधी लांब बाह्या आल्या, मग पायमोजे आले, मग ‘आज नको’ आलं, आणि असं करता करता १२ वर्षं गेली. मध्ये कुणीतरी सांगितलं की तलावातल्या क्लोरिनने डाग वाढतात. खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरंच वाटलं होतं. न जाण्याला एक शहाणं कारण मिळालं. पुढे डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, क्लोरिनने कोड होत नाही आणि वाढतही नाही. कातडी कोरडी पडते, खाज येते, आणि खाजवून खाजवून तुम्ही जे करता त्याचा त्रास होऊ शकतो. म्हणजे गुन्हेगार माझीच नखं.

परत पाण्यात नेलं ते कंबरदुखीने. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

तलावाच्या कार्यालयात अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनी माझे हात पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

“ताई, तसा काही प्रश्न नाही. पण बाकीचे लोक विचारतात.”

“काय विचारतात?”

“म्हणजे... तेच.”

मग डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणायचं ठरलं. डॉक्टरांनी एका ओळीत लिहून दिलं की हा संसर्गजन्य आजार नाही. दोन दिवसांनी मी तो कागद नेऊन दिला, त्यांनी घडी न उलगडताच खणात टाकला आणि शिक्का मारला. मला अजून कळलेलं नाही की मग तो मागितला कशाला. पण प्रवेश मिळाला.

आणि पहिल्याच दिवशी हे भाजणं. थंड पाण्याच्या पट्ट्या, साधं वासविरहित मॉइश्चरायझर, दोन रात्री पाय पांघरुणाबाहेर. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले ती ओरडा खायच्या तयारीनेच.

“सनस्क्रीन लावलं होतं?”

“हो. एसपीएफ ५०.” मी जरा ऐटीतच सांगितलं.

“किती?”

मी बोटाच्या पेराने दाखवलं. वाटाण्याएवढं.

“कुठे कुठे?”

“डागांवर.”

“आणि बाकीच्या अंगाला?”

“बाकीच्या अंगाला कशाला?”

त्या दिवशी ओरडा बसला नाही, शिकवणी झाली. माझी ५० ग्रॅमची ट्यूब मला आठ महिने पुरली होती, आणि आपण काटकसरीने वापरतो याचा मला अभिमानही होता. डॉक्टरांनी हिशोब मांडला. बाटलीवर जो एसपीएफ, म्हणजे भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा, छापलेला असतो तो प्रयोगशाळेत कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून मोजलेला असतो. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला तेवढ्या जाडीने लावायचं तर साधारण ३५ मिलिलिटर लागतं. म्हणजे चहाचे सात चमचे: चेहरा, मान आणि कानांना मिळून एक, दोन हातांना दोन, दोन पायांना दोन, पुढून एक, पाठीला एक. माझी आठ महिन्यांची ट्यूब दोन दिवससुद्धा पुरायला नको होती. थर पातळ झाला की ५० चा आकडा कागदावरच राहतो.

आकड्याच्या मागे लागण्यातही फारसा अर्थ नसतो म्हणाल्या. नीट लावलं तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांतले मुख्यतः भाजणारे, अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. शंभर टक्के अडवणारं क्रीम नाही. एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीचा हिशोब, त्यामुळे बाटलीवर यूव्हीएपासूनही, म्हणजे अतिनील किरणांच्या दुसऱ्या प्रकारापासूनही संरक्षण असल्याचं लिहिलेलं हवं, ते मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. आणि ‘वॉटरप्रूफ’ असं काही नसतं. ‘वॉटर रेझिस्टंट’ असतं, त्याच्यापुढे ४० किंवा ८० मिनिटं लिहिलेलं असतं, आणि तेवढ्या वेळानंतर ते अंगावर आहे असं धरून चालायचं नाही.

दुसरा धडा ढगांचा आणि पाण्याचा. उष्णता जाणवते ती वेगळी आणि भाजतात ते अतिनील किरण वेगळे. विरळ ढगांतून ते बरेचसे खाली येतात. पाण्यात अर्धा मीटर खोलीवरही वरच्या मानाने सुमारे ४० टक्के उरतात. मी पोहत होते ते जेमतेम वीतभर पाण्याखाली, आणि दमले की कठड्याला धरून पाय वर तरंगत ठेवायचे. पावलं का भाजली ते तेव्हा लख्ख कळलं. पाण्याने कातडी गार ठेवली, एवढंच. माणूस भाजत असतो आणि त्याला गारगार वाटत असतं.

पण मला खरा धक्का बसला तो ‘बाकीच्या अंगाला कशाला’ याच्या उत्तराने.

डागांत रंग नाही, म्हणून त्यांना ऊन सोसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण उन्हात गेलं की आजूबाजूची धड कातडी रापते. डाग रापू शकत नाहीत. मी इतकी वर्षं उन्हात जाताना फक्त डागांना क्रीम लावत होते, म्हणजे सावळं आणखी सावळं होऊ देत होते आणि पांढरं पांढरंच ठेवत होते. दरवर्षी उन्हाळ्यात मला वाटायचं की या वर्षी कोड वाढलं. आरशासमोर उभं राहून रडलेही आहे मी एकदा. डॉक्टरांनी आधीच्या भेटीतले आणि त्या दिवशीचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. गुडघ्यावरचा डाग तसूभरही वाढला नव्हता. भोवतालचा गुडघा काळवंडला होता.

मग सात चमचे सुरू झाले. पहिल्या सकाळी मी खरोखर चमचा घेऊन न्हाणीघरात बसले. पाण्यात जायच्या २० मिनिटं आधी, कोरड्या अंगावर. चौथ्या चमच्याला कंटाळा आला. पाठीशी आले तेव्हा अडचण कळली: पाठीला लावणार कोण? मी एकटी राहते. लांब दांड्याचा ब्रश आणून पाहिला, त्याने निम्मं क्रीम भिंतीला लागलं.

हा प्रश्न क्रीमने सुटायचा नव्हता, कापडाने सुटला. पोहतानाचे लांब बाह्यांचे अंगाबरोबर बसणारे टॉप मिळतात, रॅश गार्ड म्हणतात त्यांना. कापड किती किरण आत सोडतं याचं मोजमाप म्हणजे यूपीएफ, आणि ५०+ असेल तर फार तर पन्नासावा हिस्सा. त्याआधी मी पांढरा सुती टी-शर्ट घालून पोहायचा विचार करत होते, म्हटलं झाकलं म्हणजे झालं. पण पातळ पांढरं सुती कापड मुळातच फारसं अडवत नाही, आणि भिजून अंगाला चिकटलं की आणखी कमी. एका लेबलवरच्या आकड्याने ते काम चोख केलं. तशीच पोटऱ्यांपर्यंतची लेगिंग घेतली. सात चमच्यांचे अडीच-तीन झाले: चेहरा, मान, कान, हातांचे पंजे, पावलं आणि घोट्याच्या वरचा पट्टा. ओठांना वेगळा एसपीएफवाला बाम. माझ्या ओठांच्या कोपऱ्यांत डाग आहेत आणि जिभेने चाटून तिथलं क्रीम दहा मिनिटांत जातं.

पूर्वी मी अंग झाकायचे ते लोकांसाठी. आता झाकते ते उन्हासाठी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसत असणार.

वेळही बदलली. अकराऐवजी सकाळी सात. दुपारच्या मधल्या चार तासांत दिवसभरातले निम्म्याहून जास्त अतिनील किरण पडतात. फोनवर हवामानाबरोबर यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा दिसतो, तो ३ किंवा त्याहून जास्त झाला की काळजी घ्यायची. फोन हाताशी नसला तर सावली बघायची: आपली सावली आपल्याहून आखूड झाली की पाण्याबाहेर. मी कठड्यावर उभी राहून सावली मोजते तेव्हा पोहायला शिकवणारा मुलगा हसतो.

आता थोडं विचित्र वाटेल असं. मी उन्हापासून इतकी पळत होते त्याच महिन्यांत दवाखान्यात जाऊन अंगावर अतिनील किरण घेत होते. नॅरोबँड यूव्हीबी उपचार, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा. उभ्या नळ्यांची एक पेटी, आत डोळ्यांना गडद गॉगल लावून उभं राहायचं, पंखा घरघरतो, आणि सुरुवातीला जेमतेम अंग वळवेपर्यंत दिवे बंद होतात. आठवड्यातून तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. वेळ थोडी थोडी वाढवत नेतात. बहीण म्हणाली, “मग गच्चीत उभी राहा की, फुकट मिळतंय.” तिला काय उत्तर द्यावं ते मला तेव्हा सुचलं नाही. फरक मापाचा आहे. पेटीत नेमके कुठले किरण, किती सेकंद, हे ठरलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी डाग किती गुलाबी झाला ते पाहून पुढचा डोस ठरतो. उन्हाला असा हिशोब नसतो. आणि पेटीचा डोस घेतलेल्या दिवशी वरून ऊन घेतलं तर दोन्हींची बेरीज होते आणि कातडी भाजते. म्हणून माझं वेळापत्रक साधं: सोमवार-बुधवार-शुक्रवार पेटी, मंगळवार-गुरुवार-शनिवार पोहणं. पेटीत जाताना डागांवर क्रीमचा अंशही नको, नाहीतर औषधच अडवलं जातं.

सोरालेन नावाचं औषध लावून किंवा घेऊन ऊन घ्यायची जुनी पद्धतही आहे. ते औषध कातडीला उन्हासाठी फार हळवं करतं. ते चालू असताना उघड्या तलावात पोहायला जाणं म्हणजे फोडांना आमंत्रण. ज्यांना तो उपचार चालू आहे त्यांनी पोहण्याचं आधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं, इतकं मी नक्की म्हणेन.

अडीच महिन्यांनी उजव्या गुडघ्यावर तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले. आधी वाटलं घाण आहे, घासून पाहिलं. प्रत्येक ठिपक्याच्या बरोबर मधून एक केस उगवलेला होता. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो, तिथून त्या वर सरकतात. म्हणूनच बोटांच्या टोकांना, जिथे केसच नाहीत, तिथे रंग यायला फार जड जातं. माझी बोटं अजून तशीच आहेत आणि तशीच राहतील असं मी धरून चालले आहे.

सगळं असं सुरळीत चाललं असताना नवा डाग आला. उजव्या खांद्यावर, गळपट्टीच्या हाडाच्या वर, बोटभर रुंद, सरळ पट्टीसारखा. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प धरला. त्या दिव्याखाली कोड निळसर पांढरं चमकतं, साध्या उजेडात न दिसणारंही दिसतं. पट्टी चांगली लांब निघाली, थेट पाठीपर्यंत. “इथे काय घासतं?” त्यांनी विचारलं. रॅश गार्डच्या आत मी जुना पोहण्याचा पोशाख घालत होते, एक माप लहान झालेला. त्याची खांद्याची पट्टी.

कोड असलेल्या कातडीला सततचं घासणं, कापणं, ओरखडे, भाजणं झालं की त्याच जागी नवा डाग उमटू शकतो. याला कोबनर म्हणतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, मला झालं. त्या दिवसापासून माझ्या पोहण्याच्या पिशवीची झडती सुरू झाली. घट्ट पोशाख गेला. डोळ्यांभोवती वळ उठवणारा जुना रबरी गॉगल गेला, मऊ सिलिकॉनचा आला. रबराच्या बाबतीत घासण्यापलीकडचंही एक कारण आहे: रबरात वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांनी कातडीचा रंग उडाल्याची नोंद १९३९ पासूनची आहे. रबरी हातमोजे घालून काम करणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडले होते, त्यावरून ते उजेडात आलं. टॉवेलने खसाखसा अंग पुसायची सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागला. आता टिपते. पोहून झालं की साध्या पाण्याने आंघोळ, ओलसर अंगावरच मॉइश्चरायझर, मग खाज येत नाही आणि नखं गप्प बसतात.

पावलावर जिथे भाजलं होतं तिथली कडही थोडी पुढे सरकली होती. भाजल्यामुळेच का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकल्या नाहीत.

मधल्या काळात मी एक चैनही करून पाहिली. कातडीवर तपकिरी रंग चढवणारं लोशन. त्यातला घटक कातडीच्या वरच्या मृत थराशी संयोग पावून रंग देतो, धुऊन जात नाही, आठवडाभरात थर झडला की उतरतो. हातांवर छान जमलं. दोन दिवस मी हात पुन्हा पुन्हा बघत होते. मग दोनदा पोहले आणि तो ठिकठिकाणी विटला, पोपडे निघालेल्या भिंतीसारखा. शिवाय तो रंग उन्हापासून वाचवत नाही, वाचवतो असं वाटायला मात्र लावतो. लग्नाकार्याला ठीक आहे. तलावासाठी मी नाद सोडला.

गेल्या हिवाळ्यात भावाच्या मुलांबरोबर समुद्रावर गेले. तलावापेक्षा तिथलं गणित अवघड. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण वर फेकते, लाटांचा फेस २५ टक्के, त्यामुळे छत्रीखाली बसूनही हनुवटी आणि नाकपुड्यांच्या खालची बाजू भाजू शकते. वाळू क्रीममध्ये मिसळली की ते लावणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं, आणि मला तर घासायचं नाही. म्हणून पुन्हा लावायच्या आधी गोड्या पाण्याने धुवायचं, टिपायचं, मग लावायचं. पुतणी म्हणाली, “आत्या, तू पोहतेस कमी आणि रंगकाम जास्त.” बरोबरच होतं तिचं. पण संध्याकाळी तिचे खांदे सोलवटले होते आणि माझे नाही.

एवढं झाकून, एवढं लावून ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडेल का, हा प्रश्न मीही विचारला. रक्ततपासणी झाली, कमी होतं, गोळ्या चालू आहेत. त्यात काही नाट्य नाही.

मनगटावर पाण्यात चालणारं घड्याळ आहे, त्यावर ४० मिनिटांचा गजर. वाजला की मी कठड्यावर येते, सावलीत बसते, टिपते, पंजे आणि पावलांना नवा थर लावते. तिसऱ्या पट्ट्यात एक काका पोहतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या शेजारच्या पट्ट्यात उतरले तेव्हा ते काही न बोलता उठून पलीकडच्या टोकाला गेले होते. मला ते लक्षात राहिलं आहे, त्यांना आहे की नाही कुणास ठाऊक. हल्ली ते परत तिसऱ्यातच असतात. परवा गजर वाजला नाही, मी सेल बदलायचा विसरले होते. पाण्यातून डोकं वर काढून काकांनीच हाक मारली, “ताई, आज वाजलं नाही का तुमचं? झाली ना चाळीस मिनिटं?” आणि कठड्यावर येऊन स्वतःच्या नाकाला क्रीम लावलं. वाटाण्याएवढं.